दोन्ही सरकारांचा आरोपी

ड्युसेलडॉर्फला आल्यावर वर्षभरातच मी वकील असल्याचं सांगणं बंद केलं. सांगितलं की समोरचा विचारायचा, "मग इथे काय करता?" आणि मला सांगावं लागायचं, जर्मन शिकते. सांगलीच्या जिल्हा न्यायालयात मी सात-आठ वर्षं फौजदारी कामं चालवली होती. बार रूममधली खिडकीजवळची खुर्ची माझी म्हणून ओळखली जायची. मग नवऱ्याला इथल्या यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही आलो. त्याची विद्या त्याच्याबरोबर विमानातून आली. गिअरबॉक्स सांगलीत फिरतो तसाच इथेही फिरतो. माझी सनद मात्र इथे नुसता कागद होती. मी दुपारी जर्मनच्या क्लासला जायचे आणि सकाळी घरात बसून क्रियापदं घोकायचे.

आमच्या इमारतीच्या तळघरात वाशकेलर होता, सगळ्या भाडेकरूंनी पाळीपाळीनं कपडे धुवायची खोली. एका शनिवारी मशीन थांबायची वाट बघत मी तिथे फोनवर बोलत होते. माझी जुनी ज्युनिअर एका कामात अडकली होती. "अगं, रिमांड संपायची कसली वाट बघतेस, सेशनला बेल अॅप्लिकेशन टाक," असं काहीतरी मी तिला सांगत होते. तळघरात आवाज धड पोचत नव्हता म्हणून जवळजवळ ओरडतच होते.

टेबलापाशी दुसऱ्या मजल्यावरचे व्हिएतनामी आजोबा पांढऱ्या शर्टांच्या घड्या घालत होते. ऐंशी कधीच ओलांडलेली, अंगानं काटकुळे, आणि कपडे धुवायला उतरतानाही गळ्यात टाय. जिन्यात भेटलं की हालो, एवढीच आमची ओळख. मी फोन ठेवला तशी त्यांनी इंग्रजीत विचारलं, "बेल, रिमांड, सेशन. तुम्ही वकील आहात?"

"होते," मी म्हणाले.

"वकील 'होते' असं नसतं. सायगॉनच्या न्यायालयात शेवटचा उभा राहिलो त्याला चाळीस वर्षं होत आली. मी अजून वकीलच आहे." त्यांनी हातातला शर्ट खाली ठेवला, किंचित वाकले आणि म्हणाले, "मेत्र."

त्यांचं शिक्षण फ्रेंचांच्या अमदानीतलं. फ्रेंच पद्धतीत वकिलाला मेत्र म्हणून हाक मारतात, हे त्यांनीच मला समजावलं. आमच्याकडे काय म्हणतात, असं विचारल्यावर मी सांगितलं, वकीलसाहेब. दोन-तीन प्रयत्नांत त्यांना ते म्हणता आलं. त्या दिवसापासून मी त्यांना वकीलसाहेब म्हणायला लागले आणि ते मला मेत्र. या देशात मला कामाच्या नावानं हाक मारणारे ते पहिले. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "बरं झालं, निदान कुणीतरी तुझं ऐकून घेणारं मिळालं." मला वाईट वाटावं असं त्याला काही म्हणायचं नव्हतं, पण मला लागलं.

वकीलसाहेब एकटे राहत. बायको आम्ही यायच्या आधीच वारलेली. मुलगी नदीपलीकडे नॉइसला राहायची, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. रविवारी डब्यांत जेवण घेऊन यायची, फ्रिज आवरायची, घाईघाईत निघून जायची. बापलेकीत बोलणं फारसं नसे. ते व्हिएतनामीत काही विचारायचे आणि ती जर्मनमध्ये हो-नाही करायची.

मी आठवड्यातून दोनदा-तीनदा त्यांच्याकडे चहाला जाऊ लागले. त्यांची गोष्ट त्यांनी एका बैठकीत कधीच सांगितली नाही. कायद्याच्या एखाद्या मुद्द्यावरून बोलणं सुरू व्हायचं आणि मधेच एखादं वाक्य निघून जायचं. ती वाक्यं मी मनात जोडत गेले.

दक्षिण व्हिएतनाममध्ये युद्ध चालू होतं तेव्हा ते सायगॉनमधले नावाजलेले वकील होते. पकडलेले विद्यार्थी, बंद पाडलेल्या वर्तमानपत्राचा संपादक, असल्यांची वकीलपत्रं घ्यायचे. त्यातूनच निवडणुकीला उभे राहिले, निवडून आले आणि कनिष्ठ सभागृहात विरोधी बाकावर जाऊन बसले. कम्युनिस्टांच्याही विरोधात आणि आपल्या सरकारच्याही. राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीत एकच उमेदवार उभा राहिला, त्या वेळची गोष्ट ते हसत सांगायचे.

"मी सभागृहात उठून विचारलं, हरणाऱ्याचं नाव काय? सगळे हसले. सरकारी बाकावरचेसुद्धा हसले. मग थोड्या दिवसांनी पोलीस आले."

"कुठल्या कलमाखाली?"

"ते मी पण विचारलं. तेव्हाही सगळे हसले."

त्या तुरुंगातून सुटले आणि काही काळानं सायगॉनच पडलं. जिंकून आलेल्या नव्या सरकारनं जुन्या सरकारशी संबंध असलेल्या सगळ्यांना शिबिरात बोलावलं. महिनाभराचं अंथरूण-पांघरूण आणि कपडे घेऊन या, नव्या विचारांचं शिक्षण मिळेल, मग घरी जा, असा आदेश निघाला.

"आणि तुम्ही गेलात?"

"वकील ना मी. छापील आदेशावर विश्वास ठेवला." त्यांनी कपात बघितलं. "मला वाटलं होतं, मी तर जुन्या सरकारच्या तुरुंगात जाऊन आलोय. हे लोक मला ओळखतील. त्यांनी ओळखलं, पण जुन्या संसदेचा सभासद म्हणून."

महिन्याची वर्षं झाली. बाहेर आले तेव्हा घर दुसऱ्याच्या नावावर होतं, आणि बायको-मुलगी होडीतून समुद्रात निघून जाऊन, एका जहाजानं वाचवल्यावर, जर्मनीला पोचल्या होत्या. आणखी काही वर्षांनी मुलीनं त्यांना इथे आणवून घेतलं. तेव्हा ते साठीला आले होते. जर्मन त्यांना कधी नीट आलंच नाही.

मला वाटायचं, निदान इथे त्यांची माणसं असतील. या भागात त्यांच्या देशातून पळून आलेली पुष्कळ कुटुंबं होती. मंडळ होतं, जमायला हॉल होता. मग एकदा मी त्यांच्याबरोबर स्टेशनजवळच्या आशियाई दुकानात गेले. मला कढीपत्ता हवा होता, त्यांना माशांचा सॉस. गल्ल्यापाशी त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ उभे होते. वकीलसाहेबांना बघितल्याबरोबर ते दुकानदाराशी बोलायचे थांबले, यांच्याकडे न बघता एक वाक्य बोलले आणि हातातली टोपली तिथेच ठेवून बाहेर पडले. दुकानदार खाली मान घालून आकडे दाबत राहिला.

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले ते?"

"माझ्यासारख्यांनी आतून सरकार पोखरलं, म्हणून देश गेला, असं म्हणाले." ते ट्रामच्या दिशेनं चालत होते. "भला माणूस आहे. सैन्यात होता. त्याचा भाऊ लढाईत गेला. आपण हरलो ते कुणामुळे, याचं उत्तर लागतं माणसाला. मी समोर असतो."

"तुम्ही सांगत का नाही त्यांना?"

"काय सांगू? त्यांच्या सभेत पिवळा झेंडा लावतात, जुन्या सरकारचा. त्या झेंड्याखाली मी तुरुंगात गेलो आणि तो उतरला म्हणून पुन्हा गेलो. दोन्ही सरकारांनी मला एकच प्रश्न विचारला, मेत्र. तुझ्यामागे कोण आहे? माझ्यामागे कुणीच नव्हतं. हे उत्तर दोघांनाही पटलं नाही."

न्यायालयात जायची कल्पना त्यांचीच. एका सकाळी मी क्रियापदांची वही घेऊन त्यांच्याकडे बसले होते, तर म्हणाले, "या देशात न्यायालय उघडं असतं. कुणीही आत जाऊन मागे बसू शकतं. आणि आपण दोन वकील घरात चहा पितोय."

मग आम्ही जायला लागलो. आम्त्सगेरिष्ट म्हणजे इथलं खालचं न्यायालय. दारात पिशवी तपासून घ्यायची, भिंतीवरचा फलक बघून एखादी खोली निवडायची आणि मागच्या बाकावर बसायचं. किरकोळ कामं असत. दुकानातली चोरी, दारू पिऊन सायकल, शेजाऱ्याला दिलेली शिवी. मला अर्धंमुर्धं समजायचं, त्यांना त्याहून कमी. पण न्यायालयाची चाल जगात कुठेही कळते. साक्षीदार कुठे खोटं बोलला, न्यायाधीशाला कंटाळा कुठे आला, हे ते माझ्या कानाशी अचूक सांगायचे. एकदा न्यायाधीश आरोपीला नेहमीची सूचना देत होते की, आरोपाबद्दल काही बोलायचं बंधन तुमच्यावर नाही. मी भाषांतर करून सांगितलं, तर वकीलसाहेबांनी माझं मनगट धरलं.

"गप्प बसलास तरी चालेल, असं सांगतायत त्याला?"

"हो. तो त्याचा हक्क आहे."

"आणि तो ऐकतसुद्धा नाहीये," ते म्हणाले. आरोपी खरंच खिडकीबाहेर बघत होता.

ते मला इथल्या विद्यापीठात कायद्याचं शिक्षण घ्यायला सांगत. मी तेव्हा चौकशाही केल्या. त्यांच्या शेजारी त्या बाकावर बसलं की मला ते शक्य वाटायचं.

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांचं काहीतरी बिघडायला लागलं. एकच गोष्ट ते सकाळी सांगायचे आणि चहा संपेपर्यंत पुन्हा सांगायचे. ट्रामचा रोजचा स्टॉप ओळखू येईना. मी वयावर ढकललं. मुलीनंही बहुतेक तेच केलं.

त्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा एका फुकट्या प्रवाशाचं काम चालू होतं. पन्नाशीचा माणूस, काम सुटलेलं, पुन्हा पुन्हा तिकिटाशिवाय ट्राममध्ये सापडलेला. असं वारंवार झालं की इथे तुरुंगसुद्धा होऊ शकतो. त्याच्या बाजूनं वकील नव्हता. न्यायाधीश एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी त्याला विचारलं, काही सांगायचंय का. तो खाली बघत राहिला. त्यांनी कागद पुढे ओढला आणि तेवढ्यात माझ्या शेजारी हालचाल झाली. वकीलसाहेब उभे राहिले होते. कोटाचं बटण लावत होते.

"मोंसिये ल प्रेझिदाँ," त्यांनी सुरुवात केली.

पुढचं सगळं फ्रेंचमध्ये. समोर न्यायाधीशबाई आहेत आणि आपण 'मोंसिये', म्हणजे महाशय, म्हणतोय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी त्यांचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. भरदार, सावकाश, शेवटच्या भिंतीपर्यंत पोचणारा. मला फ्रेंच येत नाही, पण युक्तिवाद ओळखता येतो. एक मुद्दा मांडून ते थांबले, दुसऱ्याकडे वळले, आरोपीकडे हात केला. तो माणूस तोंड उघडं टाकून यांच्याकडे बघत होता. मी त्यांची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली, वैतागून नाही, ज्युनिअरचा हात बाजूला करतात तशी.

न्यायाधीशबाईंनी आधी विचारलं, हे दुभाषी आहेत का. मग खाली बसायला सांगितलं. एकदा, दोनदा. मग दाराशी उभा असलेला शिपाई आला. आडदांड देहाचा, पण चेहऱ्यानं गरीब माणूस. त्यानं हलकेच वकीलसाहेबांच्या कोपराला हात लावला.

हात लागल्याबरोबर त्यांचं बोलणं तुटलं. त्यांनी मान खाली घातली आणि दोन्ही मनगटं जुळवून त्याच्यापुढे धरली.

"नाइन, नाइन," नाही, नाही, असं शिपाई म्हणाला. तो इतका गोंधळला की मागे सरकला. वकीलसाहेब मनगटं पुढे धरून तसेच उभे राहिले. ती मी खाली केली आणि त्यांना बाहेर आणलं.

बाहेरच्या बाकावर ते बराच वेळ व्हिएतनामीत काहीतरी पुटपुटत होते. मग मला ओळखल्यासारखं करून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "माझ्या अशिलाला किती दिली?"

मला निकाल माहीत नव्हता. मी म्हणाले, "सुटला तो."

त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "तुम्ही नवीन आहात, मेत्र. ते सोडत नसतात."

मी तिथूनच त्यांच्या मुलीला फोन केला. ती कामावरून तशीच आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे पुन्हा वकिली सुरू झाली तर." पण त्यांच्या गळ्याभोवतीचा मफलर तिनं दोनदा सोडून पुन्हा गुंडाळला.

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. मग भाषा गेल्या, शिकल्याच्या उलट क्रमानं. थोडंफार जर्मन होतं ते आधी गेलं. मग इंग्रजी, म्हणजे आमची दोघांची भाषा. मी चहाला जायचे तर ते माझ्याशी फ्रेंच बोलायचे आणि मी नुसती माना हलवायचे. काही महिन्यांत फ्रेंचही गेलं. शेगडी चालू ठेवून ते बाहेर निघून गेले, तेव्हा जिना धुरानं भरला. त्यानंतर एकटं ठेवण्यात अर्थ नव्हता. मुलीचा घटस्फोट झालेला, दिवसभर लॅब. गावाच्या टोकाला वृद्धांची देखभाल करणारं एक हाइम होतं, तिथे जागा मिळाली.

पहिल्या दिवशी तिनं मला बरोबर यायला सांगितलं. खोली छान होती. मोठी खिडकी, बाहेर झाडं, पलंगावर स्वच्छ पांढरी चादर. तिथली परिचारिका हसऱ्या चेहऱ्याची, मोकळ्या स्वभावाची बाई होती. नव्या माणसाशी आधी बसून बोलायची तिथली पद्धत. कुठे जन्मलात, काय काम केलंत, काय आवडतं, हे कळलं की त्याला हाताळणं सोपं जातं. ती त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसली, मांडीवर कागद, हातात पेन. मुलगी दुभाषी झाली. मी खिडकीपाशी उभी होते.

"त्यांना विचारा, त्यांचे वडील काय करायचे?"

मुलीनं विचारलं. वकीलसाहेब ताठ झाले. पाय जुळवले, हात गुडघ्यांवर ठेवले, नजर जमिनीवर. आणि एका सुरात, शाळेतली कविता म्हणावी तसं बोलायला लागले.

"वडील जमीनदाराकडे कारकून होते, म्हणतात," मुलगी जर्मनमध्ये सांगायला लागली. "शोषक वर्गाचं अन्न खाऊन मी वाढलो. त्यांच्या पैशानं शिकलो." ती अडखळली. "परकीयांचा कायदा शिकून मी जनतेची दिशाभूल केली."

परिचारिकेचं पेन थांबलं. "हे काय सांगतायत?"

"शिबिरात रोज सांगायला लावायचे," मुलगी म्हणाली. "स्वतःची सगळी हकिगत, अगदी जन्मापासून. काही राहिलं असं त्यांना वाटलं की पुन्हा पहिल्यापासून."

"त्यांना सांगा ना, तसं काही नाही. फक्त ओळख करून घेतोय."

मुलीनं सांगितलं. ते ऐकून त्यांनी आणखी खाली मान घातली आणि आवाज वाढवून पुन्हा वडिलांपासून सुरुवात केली. परिचारिका चांगली बाई होती. तिला वाटलं, विषय बदलावा.

"मुलंबाळं किती, ते विचारा. त्यानं बरं वाटतं लोकांना."

मुलीनं विचारलं. स्वतःच्या बापाला, तुम्हाला मुलं किती. या वेळी ते जरा थांबून, जपून बोलले. पहिल्यांदाच नजर वर केली आणि परिचारिकेकडे बघून दोन्ही हात जोडले. ते थांबल्यावर मुलीनं त्यांचे जोडलेले हात खाली केले.

"काय म्हणाले?" परिचारिकेनं विचारलं.

"दमलेत," ती म्हणाली. "आता पुरे करू या."

बाहेर सायकली लावायच्या जागेपाशी तिनं सिगारेट पेटवली. ती ओढते हे मला माहीत नव्हतं.

"दोन मुलं आहेत, म्हणाले. एक मुलगी, एक मुलगा. दोघं आईबरोबर सायगॉनला असतात. लहान आहेत, माझ्या कामातलं त्यांना काही ठाऊक नाही. मला काय करायचं ते करा, पण त्यांना त्रास देऊ नका."

मुलाबद्दल मी कधी ऐकलं नव्हतं.

"माझा भाऊ होडीत गेला," ती म्हणाली. "पाणी संपलं होतं. जहाज दिसायच्या आदल्या दिवशी गेला. आईनं स्वतःच्या हातांनी त्याला समुद्रात सोडला. बाबांना ते पत्रानं कळलेलं होतं. ते इथे आले तेव्हा विमानतळावर मला वाटलं, आता विचारतील. मग वाटलं, घरी गेल्यावर विचारतील. आई मरेपर्यंत वाट बघत होती. त्यांना सगळ्या देशाबद्दल बोलता यायचं. त्या होडीबद्दल त्यांनी एकदासुद्धा तोंड उघडलं नाही." तिनं अर्धी सिगारेट पायाखाली विझवली. "आणि आता त्यांच्या डोक्यात तो जिवंत आहे. आता मी त्यांना काय सांगू?"

हाइममधल्या लोकांनी खूप केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. कुणी त्यांच्यावर आवाज चढवला नाही. भाताची सोय केली. पण त्यांच्या चांगुलपणाचा काही उपयोग नव्हता. वकीलसाहेब पावाचा अर्धा तुकडा खायचे आणि अर्धा उशीच्या अभ्र्यात लपवायचे. रोज सकाळी परिचारिका पडदे सरकवायला आली की पलंगापाशी उठून उभे राहायचे आणि वाकून एक वाक्य म्हणायचे. तिला वाटायचं, सुप्रभात म्हणतायत. तीही हसून वाकायची. मुलीनं एकदा मला त्याचा अर्थ सांगितला. आपण दाखवलेल्या दयेबद्दल मी आभारी आहे, माझ्यात सुधारणा होत आहे.

मी सुचवलं, त्यांना सांगून बघा की सुटका झाली. मूर्खपणाचं होतं, पण दुसरं काही सुचत नव्हतं. तिनं ते केलं. उभं राहून, अधिकाऱ्याच्या आवाजात, त्यांच्या पूर्ण नावानं पुकारा करून सांगितलं की तुम्हाला मुक्त करण्यात येत आहे. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मग?" मी विचारलं.

"मागच्या नव्या वर्षालाही असंच म्हणाला होतात, म्हणाले."

मी खोलीत शिरले की आता ते माझ्यासाठीही उठून उभे राहायला लागले. मला कोण समजून, ते कळत नव्हतं, पण नजर जमिनीवर असायची. बसा, बसा म्हटलं तरी बसत नसत. शेवटी मुलगीच म्हणाली, "तुम्ही येऊ नका. तुम्ही गेल्यावर दिवसभर त्यांचे पाय दुखतात." मग मी जायचं बंद केलं. विद्यापीठातल्या चौकशाही तोपर्यंत मागे पडल्या होत्या. एका कंपनीत इंग्रजी करारनामे तपासायचं काम मिळालं, ते मी धरलं. टेबलावर एकटीनं बसून करायचं काम. तिथे कुणी युक्तिवाद करत नाही.

मार्च महिन्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि ते गेले. मुलगी पोचायच्या आत गेले. शेवटी काही बोलले का, असं तिनं विचारलं, तेव्हा परिचारिका म्हणाली, बोलत होते, पण आम्हाला कुणालाच कळलं नाही.

दफनभूमीतल्या छोट्या प्रार्थनागृहात आम्ही मोजकेच होतो. ती, तिच्या लॅबमधल्या एक-दोघी, मी आणि नवरा, हाइममधली ती परिचारिका. आशियाई दुकानात भेटलेले ते गृहस्थ दारात आले. हातात घडी केलेला पिवळा झेंडा होता. त्यांनी मुलीला व्हिएतनामीत काही विचारलं, तिनं जर्मनमध्ये उत्तर दिलं, म्हणून मला कळलं.

"जिवंतपणी तुम्ही त्यांच्याशी बोलत नव्हतात. आता हा पेटीवर कशाला घालायचा?"

"ते आमच्या संसदेचे सभासद होते," गृहस्थ जर्मनमध्येच म्हणाले. "एवढा मान द्यावाच लागतो."

"नको," ती म्हणाली.

त्यांनी झेंडा कोटाच्या आत ठेवला. पण गेले नाहीत. शेवटपर्यंत मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले आणि सगळं संपल्यावर कुणाशी न बोलता निघून गेले.

दुसऱ्या मजल्यावरचं घर तिनं इतके दिवस सोडलं नव्हतं. ते रिकामं करायला मी तिला मदत केली. फर्निचर एक संस्था घेऊन गेली, कपडे रस्त्याच्या कडेच्या पेटीत गेले. मोकळ्या घरात तिचा आवाज घुमत होता. खिडकीची काच पुसता पुसता तिनं मला विचारलं, "तुम्ही दोघं इतकं बोलायचात. माझ्या भावाबद्दल कधी काही म्हणाले?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण मग तिनं पुढचं विचारलं असतं, काय म्हणाले, कधी म्हणाले. त्या मुलाचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "एकच मुलगी आहे, म्हणायचे."

तिनं मान हलवली आणि काच पुसत राहिली. एक कोपरा ती पुन्हा पुन्हा पुसत होती. तेवढ्यात इमारतीची देखभाल बघणारा हाउसमाइस्टर घर तपासायला आला. त्यानं नळ सोडून बघितले, दारं उघडून-मिटून बघितली, आणि म्हणाला की भाडेकराराप्रमाणे भिंती पांढऱ्या करून द्याव्या लागतील, त्याशिवाय किल्ल्या घेता येणार नाहीत.

"हो, बरोबर," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघींनी त्या रंगवल्या. दुपारपर्यंत काम झालं. तिनं किल्ल्या दिल्या, माझा हात हातात घेतला आणि ट्राम पकडायला गेली. त्यानंतर ती मला भेटली नाही. मी एक-दोनदा फोन केला. तिनं उचलला नाही. तिच्या बापाचं बोलणं जिच्या वाट्याला आलं ती मी, हे समजून मी पुन्हा केला नाही.